डेअरीच्या नावापुढचा आकडा: युरोपातलं दूध अनुदान नेमकं कुणाला मिळतं?

२००९ च्या एप्रिलअखेर युरोपियन युनियनच्या देशांना शेती अनुदानाच्या लाभार्थ्यांची नावं जाहीर करावी लागली. पत्रकार त्या याद्यांवर तुटून पडले आणि त्यांना भलतेच शेतकरी सापडले. त्यांत क्रूझ जहाजांना खाणंपिणं पुरवणारी व्हेनिसची एक कंपनी होती. तिच्याकडे ना गाय, ना गोठा. पण जहाजावर कॉफीसोबत दिल्या जाणाऱ्या साखरेच्या आणि क्रीमच्या पुड्या देशाबाहेर जात होत्या. नियमाच्या भाषेत ती निर्यात, आणि निर्यातीवर अनुदान होतं.

हे सगळं कायदेशीर होतं, आणि म्हणूनच मला हा किस्सा एखाद्या घोटाळ्यापेक्षा बोलका वाटतो. घोटाळा झाला तर निदान कुणीतरी नियम मोडलेला असतो. इथे सगळ्यांनी नियम पाळले होते. शेतकऱ्यांच्या नावानं बाजूला ठेवलेला पैसा नियमानुसारच अशा वाटांनी फिरत होता. त्या वाटा लोकांना माहीत नव्हत्या, कारण चार दशकांहून जास्त काळ यादी कुणाला दाखवलीच जात नव्हती.

युरोपातल्या दुधाचा हिशेब समजून घ्यायचा तर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पैसा कुणाच्या खात्यात जमा झाला, हा पहिला. त्याचा फायदा शेवटी कुणाला झाला, हा दुसरा. सरकारी यादी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि वाचणारे बहुतेक वेळा ते दुसऱ्याचं समजतात.

सरकार दूध विकत घेऊ शकत नाही

युरोपचं सामायिक कृषी धोरण १९६२ साली सुरू झालं. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या टंचाईच्या आठवणी ताज्या होत्या. अन्न भरपूर पिकावं आणि शेतकऱ्याला बरं उत्पन्न मिळावं, हा हेतू. त्यासाठी निवडलेला मार्ग म्हणजे भाव धरून ठेवणं. गव्हाच्या बाबतीत ते सोपं आहे: भाव पडला की सरकारनं खरेदी करायची आणि गोदामात पोती रचायची. दूध मात्र गोदामात ठेवता येत नाही. ते दोन दिवसांत नासतं.

यावर १९६८ च्या दूध नियमांनी काढलेला तोडगा पुढच्या साऱ्या कथेच्या मुळाशी आहे. दुधातली स्निग्धता काढली की लोणी होतं, आणि उरलेलं साय काढलेलं दूध वाळवलं की भुकटी होते. दोन्ही टिकतात. या दोन वस्तूंना ठरलेला भाव दिला की दुधाला आपोआप भाव मिळतो, कारण डेअरीला बाजारात गिऱ्हाईक नसलं तरी लोणी आणि भुकटी सरकारला विकायची सोय असते. त्या आधारावर ती शेतकऱ्याला अमुक एक दर देऊ शकते.

पण लोणी शेतकरी करत नाही, डेअरी करते. त्यामुळे सरकारचा पैसा डेअरीच्या दाराशी येऊन पोचला. यामागे कुणाचं कारस्थान नव्हतं. दुधाचा स्वभावच तसा. मात्र एकदा पैशाची वाट अशी आखली गेली, की शेतकऱ्याच्या हातात किती पडेल हे डेअरी आणि शेतकरी यांच्यातल्या व्यवहारावर ठरणार होतं. आणि तो व्यवहार सरकारी दप्तरात नव्हता.

या शतकाच्या सुरुवातीला लोण्याचा हा सरकारी भाव टनाला ३,२८२ युरो होता. जागतिक बाजारात लोणी त्याच्या निम्म्याहूनही कमी भावाला मिळायचं. बाहेरचं स्वस्त लोणी आत येऊ नये म्हणून आयातीवर जबर शुल्क होतं. आणि आतलं महाग लोणी बाहेर विकता यावं म्हणून निर्यात परतावा. समजा डेअरीला एक टन लोणी ३,००० युरोला पडतं आणि परदेशी गिऱ्हाईक १,३०० च देतं, तर मधले १,७०० सरकार भरणार. हा पैसा निर्यात करणाऱ्याच्या हातात पडायचा, मग ती डेअरी असो वा व्यापारी. चॉकलेट, बिस्किटं यांत घातलेल्या दुधावरही असा परतावा मिळे. म्हणून नेस्लेसारख्या कंपन्याही लाभार्थ्यांत दिसू लागल्या. व्हेनिसच्या त्या पुड्या याच खिडकीतून आल्या होत्या.

शिवाय देशातल्या देशात माल खपवण्यासाठीही पैसा होता. बेकरीवाले आणि आइस्क्रीमवाले स्वस्त वनस्पती तेलाकडे वळू नयेत म्हणून त्यांना लोणी सवलतीनं. वासरांच्या खाद्यात भुकटी जावी म्हणून खाद्य कारखान्यांना मदत. १९७७ पासून शाळेतल्या दुधासाठी मदत, जी अनेक ठिकाणी पुरवठादार डेअरीच्या खात्यात जायची. लोणी आपल्याच शीतगृहात काही महिने ठेवल्याबद्दलही भाडं मिळे. एकाच डेअरीला यातलं चार-पाच प्रकारचं अनुदान मिळणं अगदी शक्य होतं.

परिणाम काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे. कितीही दूध घाला, भाव ठरलेला, त्यामुळे दूध वाढतच गेलं आणि लोण्याचे डोंगर उभे राहिले. १९७३ मध्ये सुमारे दोन लाख टन लोणी सोव्हिएत युनियनला पडत्या भावात विकावं लागलं, तेव्हा युरोपातल्या करदात्यांनी कपाळाला हात लावला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामायिक अंदाजपत्रकातला दोनतृतीयांशाहून जास्त पैसा शेतीवर जात होता. १९८४ मध्ये दूध कोटा आला: ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे दूध घातलं तर दंड. हा कोटा ३१ मार्च २०१५ पर्यंत टिकला.

डेअरीकडून गोठ्याकडे

२००३ च्या सुधारणेत वाट बदलली. लोणी आणि भुकटीचे सरकारी भाव टप्प्याटप्प्यानं खाली आणले गेले आणि त्याची भरपाई थेट शेतकऱ्याला द्यायची ठरलं. पुढे ही भरपाई दुधापासूनही सुटली आणि मुख्यतः जमिनीच्या हेक्टरांवर मिळू लागली. निर्यात परतावा जून २००७ मध्ये दुधासाठी शून्यावर आला. जानेवारी २००९ मध्ये भाव कोसळल्यावर तो पुन्हा सुरू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा बंद. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत शेतमालाची निर्यात अनुदानं संपवण्याचं ठरलं.

म्हणजे आज डेअऱ्यांना काही मिळत नाही का? मिळतं, पण वेगळ्या नावांनी. ग्रामीण विकास निधीतून प्रक्रिया यंत्रसामग्रीसाठी भांडवली मदत मिळते. शालेय दूध योजना २०१७ मध्ये फळांच्या योजनेत मिसळली गेली, तेव्हा दुधाचा वाटा वर्षाला सुमारे १० कोटी युरो ठरला. युरोपीय चीज जगभर खपावं म्हणून होणाऱ्या जाहिरात मोहिमांना पैसा मिळतो. आणि संकट आलं की जुन्या खिडक्या उघडतात. २०१५-१६ च्या मंदीत सरकारनं इतकी भुकटी विकत घेतली, की साठा साडेतीन लाख टनांच्या वर गेला आणि तो रिकामा करायला २०१९ उजाडलं. २०२० च्या मे महिन्यात, कोविडच्या टाळेबंदीत, लोणी, भुकटी आणि चीज साठवण्यासाठी पुन्हा मदत जाहीर झाली.

२०१६ ची एक योजना मात्र मला या सगळ्यात प्रामाणिक वाटते. दूध कमी घालणाऱ्याला, कमी केलेल्या दर किलोमागे १४ सेंट. त्यासाठी १५ कोटी युरो ठेवले होते. पैसा शेतकऱ्याला, कारण स्पष्ट, हिशेब साधा. दूध जास्त झालंय तर ते काढूच नका, हे म्हणायला युरोपला जवळजवळ अर्धं शतक लोण्याच्या गोदामांत घालवावं लागलं.

हातात कुणाच्या काय पडलं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

डेअऱ्यांचं म्हणणं असं: परतावा आम्हाला मिळाला हे खरं, पण त्याच जोरावर आम्ही शेतकऱ्याला दुधाचा चढा दर दिला. आम्ही फक्त पोस्टमन. हे पूर्ण खोटं नाही. आर्ला ही डेन्मार्क आणि स्वीडनच्या सहकारी डेअऱ्या २००० साली एकत्र येऊन झालेली संस्था. तिचे मालक म्हणजे दूध घालणारे शेतकरी. डेन्मार्कची यादी बाहेर आली तेव्हा आर्लाचं नाव अगदी वर होतं. तो आकडा पाहून डोळे विस्फारतात; पण तो हजारो सभासदांत दराच्या आणि वर्षअखेरच्या फरकाच्या रूपानं वाटला गेला असेल, तर माणशी रक्कम मामुली निघू शकते. उलट यादीत खूप खाली, पन्नास-साठ हजार युरोंसमोर दिसणारं एखाद्या जमीनदाराचं नाव कुणाच्या नजरेत भरत नाही. खरं तर ती सगळी रक्कम एका घरात गेलेली असते.

पण पोस्टमनच्या या युक्तिवादात भोकंही आहेत. डेअरी खाजगी असेल आणि त्या भागात दूध घेणारी ती एकटीच असेल, तर मिळालेला परतावा शेतकऱ्याला द्यायला तिला कोण भाग पाडणार? शेतकरी दूध दुसरीकडे घालू शकत असेल तरच दराला धार येते. सहकारी संस्थेतही मिळालेला पैसा दरात गेला, की नवा कारखाना बांधण्यात, की परदेशी कंपनी विकत घेण्यात, हे ताळेबंदावरून वेगळं काढणं अवघड. पैशावर डाग नसतो. तो एकदा संस्थेच्या गल्ल्यात मिसळला, की कुठला युरो अनुदानाचा आणि कुठला चीजच्या विक्रीचा हे सांगता येत नाही.

थेट अनुदानातही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. जमिनीवर अनुदान मिळतं म्हटल्यावर जमिनीचा खंड वाढतो. खंडानं जमीन कसणाऱ्या दूध उत्पादकाच्या खात्यात पैसे जमा होतात, यादीत नाव त्याचं येतं, आणि त्यातला एक हिस्सा खंडाच्या रूपानं जमीनमालकाकडे जातो. मालकाचं नाव यादीत कुठेच नाही. थेट अनुदानातला सुमारे ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांना मिळतो, हा युरोपीय आयोगाच्याच, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाच्याच, आकडेवारीतून निघालेला आणि पुन्हा पुन्हा सांगितला जाणारा आकडा आहे. तोही पहिल्या खात्याचाच आहे, शेवटच्या खिशाचा नाही.

सरासरीचं तर विचारूच नका. २००२ मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेनं हिशेब मांडला, की युरोपातल्या प्रत्येक गाईमागे दिवसाला २ डॉलरचं अनुदान पडतं, आणि जगातली निम्मी माणसं त्याहून कमी पैशांत जगतात. वाक्य जगभर गाजलं. प्रचार म्हणून ते जबरदस्त होतं. पण गाईला अर्थातच कुणी दोन डॉलर दिले नव्हते. ते कुणाला दिले, हे त्या वेळी ऑक्सफॅमलाही नावानिशी सांगता आलं नसतं, कारण यादी बंद कपाटात होती.

कपाट उघडलं कसं

ते उघडलं डेन्मार्कमध्ये, २००४ साली. माहिती अधिकाराचा जुना पाठपुरावा करणारे तिथले पत्रकार नील्स मुलवाड आणि त्यांचे सहकारी यांनी अनुदानाचा विदा (डेटा) मागून मिळवला. त्यानंतर ब्रिटन. तिथे माहिती स्वातंत्र्याचा कायदा १ जानेवारी २००५ ला लागू झाला, आणि मार्चमध्ये इंग्लंडची यादी बाहेर आली. सर्वांत वर होती टेट अँड लाइल, साखर कंपनी. राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटचंही नाव होतं. लहान शेतकऱ्याच्या नावानं चालणाऱ्या धोरणाचे पैसे राजघराण्याला जातात, हे कळायला यादीच लागली. ऐकीव माहिती आधीही होती, पण आकडा समोर आला की चर्चा बदलते. नेदरलँड्सच्या यादीत खुद्द तेव्हाचे कृषिमंत्री सेस वेरमान यांचं शेत निघालं. त्यांनी काही बेकायदा केलं नव्हतं. पण अनुदानाच्या वाटाघाटींत देशाच्या वतीनं बसणारा माणूस स्वतः लाभार्थी आहे, हे मतदाराला माहीत असायला हवं की नको?

२००५ च्या अखेरीस मुलवाड, ब्रिटनचे जॅक थर्स्टन आणि ब्रसेल्समध्ये काम करणाऱ्या पत्रकार ब्रिगिट आल्फ्टर यांनी देशोदेशीचा विदा एकत्र करणारं फार्मसबसिडी डॉट ऑर्ग सुरू केलं. त्याच सुमारास आयोगाचे उपाध्यक्ष सीम कालास यांनी पारदर्शकतेचा कार्यक्रम मांडला. शेवटी नियम झाला: प्रत्येक देशानं दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत सगळ्या लाभार्थ्यांची नावं प्रसिद्ध करायची. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यानं पहिल्याच वर्षी पाय आडवा घातला. आयोगानं कारवाई सुरू केल्यावर तिथली नावं आली.

या पहिल्या याद्यांत एक मोठी खोट होती. नावापुढे फक्त तीन रकाने: थेट अनुदान, त्याव्यतिरिक्त हमी निधीतून (थेट अनुदान आणि बाजाराला आधार देणारी मदत, दोन्ही ज्यातून मिळतात त्या निधीतून) मिळालेलं, आणि ग्रामीण विकासाचं. डेअरीचा सगळा पैसा मधल्या ‘त्याव्यतिरिक्त’ मध्ये. आता तो निर्यातीचा, की शाळेच्या दुधाचा, की लोणी साठवल्याचा, हे कसं कळणार? शाळेतल्या मुलांना दूध पोचवणारी डेअरी आणि परदेशात स्वस्त भुकटी ओतणारी डेअरी त्या रकान्यात अगदी सारख्या दिसत. पत्रकारांना एकेका कंपनीला फोन करून विचारावं लागलं. म्हणजे पारदर्शकता आली, पण सरकारनं काच धुऊन दिली नव्हती.

दोन शेतकरी न्यायालयात

जर्मनीच्या हेसन राज्यातली एक शेती भागीदारी आणि एक पूर्णवेळ शेतकरी यांनी या प्रसिद्धीला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. गाव लहान. कुणाचं शेत कुठलं ते सगळ्यांना ठाऊक. उत्पन्नाचा मोठा भाग अनुदानाचा असेल, तर अनुदान जाहीर करणं म्हणजे जवळजवळ पगारपत्रक इंटरनेटवर टांगणं. नोकरदाराचं कुणी टांगत नाही, मग आमचंच का?

९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला. करदात्याला पैसा कुठे जातो हे कळावं, हा हेतू योग्य आहे, असं त्यानं मान्य केलं. पण व्यक्तींच्या बाबतीत सरसकट सगळ्यांचं सगळं जाहीर करण्याआधी कमी घुसखोरीचा पर्याय आहे का, याचा विचारच केला गेला नाही, म्हणून तेवढ्यापुरता नियम रद्द. रक्कम किती, मदत कुठल्या प्रकारची, किती काळ आणि किती वेळा मिळाली, यावरून भेद करता आला असता, असं न्यायालयानं सुचवलं. कंपन्या आणि संस्थांची नावं मात्र राहिली. त्यांना तसेही हिशेब जाहीर करावेच लागतात.

माझ्या मते निकालातला तर्क चुकीचा नव्हता. पण त्यानंतर देशांनी जे केलं ते सोयीचं होतं: व्यक्तींची नावं एका रात्रीत गायब. गंमत अशी, की डेअऱ्यांवर याचा काहीच परिणाम झाला नाही, कारण त्या कंपन्या किंवा सहकारी संस्था. गायब झाले ते कंपनी न काढता स्वतःच्या नावावर शेती करणारे. त्यांत लहान शेतकरी होते आणि हजारो हेक्टरांचे मालकही.

२०१३ च्या नियमात न्यायालयाची सूचना पाळून मधला रस्ता काढला गेला. व्यक्तींची नावं परत आली, पण फार लहान रक्कम घेणाऱ्यांची, म्हणजे कमाल १,२५० युरोंच्या लहान शेतकरी योजनेच्या पातळीवरच्यांची, झाकली गेली. त्यांच्या जागी संकेतांक. आणि प्रत्येक रकमेपुढे ती कुठल्या योजनेखाली मिळाली हे लिहिणं बंधनकारक झालं. माझ्या दृष्टीनं या दुसऱ्या बदलाचं मोल नावं परत येण्यापेक्षा जास्त आहे. ‘अमुक डेअरी, इतके लाख’ यातून फार तर राग येतो. ‘अमुक डेअरी, इतके लाख, खाजगी साठवण मदत’ यातून प्रश्न विचारता येतो: त्या महिन्यांत लोण्याचा भाव काय होता, आणि साठवलेलं लोणी भाव चढल्यावर विकून फायदा कुणी घेतला?

आजची यादी वाचताना

याद्या आता दरवर्षी ३१ मेपर्यंत येतात. पण त्यातलं वर्ष कॅलेंडरचं नसतं. युरोपचं शेतीचं आर्थिक वर्ष १६ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पुढच्या १५ ऑक्टोबरला संपतं. म्हणजे मे २०२४ ची यादी ऑक्टोबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ मधल्या पैशाची. थेट अनुदान तर बहुतांशी आदल्या वर्षीच्या अर्जाचं असतं. दुधाचा भाव पडला त्या वर्षी डेअरीला किती मिळाले, हे पाहायला बसलात आणि ही सरक लक्षात घेतली नाही, तर निष्कर्ष हमखास चुकतो. एखाद्या वर्षी एकदम फुगलेला आकडा हा नव्या कारखान्याच्या भांडवली मदतीचा शेवटचा हप्ताही असू शकतो. दरवर्षी मिळणारा पैसा आणि एकदाच मिळालेला पैसा एकाच रांगेत बसलेले असतात.

नाव वाचतानाही जपून. मोठ्या समूहांचे तुकडे वेगवेगळ्या नावांनी येतात. चेक प्रजासत्ताकाचं उदाहरण गाजलं. आंद्रेय बाबिश यांनी उभा केलेला ॲग्रोफर्ट हा दोनशेहून जास्त कंपन्यांचा समूह: खतं, शेती, मांस, बेकरी, आणि ओलोमौत्सच्या ओल्मासारख्या डेअऱ्याही. २०१७ मध्ये, पंतप्रधान होण्याच्या काही महिने आधी, बाबिश यांनी समूह विश्वस्त निधींत ठेवला. आयोगाच्या लेखापरीक्षकांनी मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटलं, की ताबा तरीही त्यांचाच आहे आणि हा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो. बाबिश यांनी हे अमान्य केलं. आपल्या मुद्द्यापुरती गोष्ट अशी, की चेक यादीत ओल्मा वेगळी, शेतं वेगळी, खाटीकखाना वेगळा. यादीवरून बोट फिरवणाऱ्याला या सगळ्यांचा धागा एका हातात जातो हे कळायला कंपनी नोंदणीचं दप्तर शेजारी उघडून बसावं लागे.

२०२३ पासून लागू झालेल्या नव्या धोरणात हे थोडं सुधारलं. अनुदान घेणाऱ्या कंपनीनं आपण कुठल्या समूहातले, आपली पालक कंपनी कोणती, हे कळवायचं आणि लागू असेल तिथे ते यादीतही यायचं. २०२१ ते २०२७ या काळासाठी या धोरणावर सुमारे ३८७ अब्ज युरो ठेवलेले असताना ही माहिती इतक्या उशिरा मागितली गेली, याचं मला नवल वाटतं. बँकेत साधं खातं उघडायलाही कंपनीला मालकी सांगावी लागते.

याद्या २७ देशांच्या २७ ठिकाणी असतात, त्या त्या भाषेत. कुठे एकगठ्ठा उतरवून घेता येतात, कुठे एकेक नाव शोधावं लागतं. अनेक देशांत दूध गोळा करणारी आर्लासारखी डेअरी प्रत्येक देशात त्या देशातल्या कंपनीच्या नावानं येते, आणि एकूण बेरीज कुणीच करून देत नाही.

पण या सगळ्याहून मला खटकतो तो दुसराच नियम, ज्यावर फारशी ओरड होत नाही. यादी प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षं ठेवायची, मग काढायची. व्यक्तीच्या खाजगीपणासाठी हे समजू शकतं. एका शेतकऱ्याला दहा वर्षांपूर्वी काय मिळालं, हे शेजाऱ्यानं आज का पाहावं? पण कोट्यवधींची मदत घेणाऱ्या डेअरीलाही तोच नियम आहे. भांडवली मदतीतून बांधलेला कारखाना वीस वर्षं चालतो. तो चालला की बंद पडला, शेतकऱ्याला दर वाढवून मिळाला की नाही, हे पाच-सात वर्षांनीच कळतं. तोवर नोंद सरकारी संकेतस्थळावरून गेलेली असते. न्यायालयानं व्यक्ती आणि संस्था यांच्यात जो भेद केला होता, तो इथे का नाही केला? संस्थांची नोंद कायम ठेवायला २०१० च्या निकालाची कसलीच आडकाठी नव्हती.

त्यामुळे आज एखाद्या डेअरीचा पंधरा-वीस वर्षांचा हिशेब लावायचा असेल, तर पत्रकारांनी वेळच्या वेळी उतरवून जपलेल्या प्रतींकडे जावं लागतं. त्यांतही मधली वर्षं गळालेली, नावांची स्पेलिंगं दर वर्षी वेगळी, विलीन झालेल्या डेअऱ्यांची जुनी नावं तशीच. आणि २००४ च्या आधीचं, म्हणजे लोण्याचे डोंगर उभे होते आणि परतावे सर्वांत मोठे होते त्या तीस-पस्तीस वर्षांचं, नावानिशी फारच थोडं हाती लागतं.